नोबेलसाठी अर्ज करता येतो का? विजेते नक्की कोण ठरवतं?

अर्ज नाही करता येत. स्वतःचं नाव सुचवलंत तर ते थेट बाद.

भौतिकशास्त्राचं सांगतो. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात जगभरातल्या साधारण ३००० जणांना गोपनीय पत्रं जातात: आधीचे विजेते, रॉयल स्वीडिश अकादमी ऑफ सायन्सेसचे सदस्य, निवडक विद्यापीठांतले प्राध्यापक. ३१ जानेवारीपर्यंत त्यांनी नावं कळवायची. मग अकादमीची छोटी नोबेल समिती बाहेरच्या तज्ज्ञांकडून अहवाल मागवते, आपली शिफारस तयार करते आणि ऑक्टोबरात रॉयल स्वीडिश अकादमी ऑफ सायन्सेसचे सदस्य मतदान करतात. बहुमताने ठरलं की विषय संपला, अपील नाही. एका पुरस्कारात जास्तीत जास्त तीन जण.

कोणी कोणाला सुचवलं, हे ५० वर्षं बाहेर येत नाही. त्यामुळे ‘अमक्यांना यंदा नोबेलचं नामांकन’ अशी बातमी आली तर ती सुचवणाऱ्यानेच फोडलेली असते, किंवा सरळ थाप. शांततेच्या पुरस्कारासाठी तर कुठल्याही देशाचा खासदार नाव पाठवू शकतो, तेव्हा त्यात फार मोठं काही नसतं.

जुन्या नोंदी मात्र वाचण्यासारख्या आहेत. रामन यांना १९३० साली सुचवणाऱ्यांत रदरफर्ड आणि बोर होते, म्हणजे वजनदार मंडळी. पण नुसत्या संख्येने काम होत नाही: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सॉमरफेल्ड यांचं नाव ८४ वेळा गेलं, पुरस्कार एकदाही नाही. सत्येंद्रनाथ बोस यांचंही नाव गेलं होतं. तज्ज्ञ म्हणून स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांनी काम तपासलं आणि पुरस्काराच्या तोडीचं नाही असा शेरा दिला. मला तो आजही पटत नाही.