पाणलोटाचा निधी कुठे घालायचा आणि परिणाम कसा मोजायचा

पाणलोट दुरुस्तीसाठी आणि ओढ्याचे प्रदूषण कमी करण्यासाठी निधी मिळाला, की समित्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात.

प्रश्न: निधी सगळ्या शेतकऱ्यांना सारखा वाटावा, की जो आधी अर्ज करेल त्याला काम द्यावे?

दोन्ही नको. सारखे वाटप केले की प्रत्येकाच्या वाट्याला चार हात बांध येतो आणि ओढा होता तसाच गढूळ राहतो. आधी येईल त्याला काम दिले, तर बहुधा आधीच चांगली मशागत करणारे पुढे येतात. ज्याच्या शेतातून सगळ्यात जास्त माती जाते, तो अर्जाच्या वाटेला जातच नाही. म्हणून आधी जागा ठरवा आणि मग त्या जागेच्या मालकाच्या दारात समितीने स्वतः जावे. अशा शेतांना अनुदानाचा हिस्सा जास्त ठेवला तरी चालेल. त्यात अन्याय काही नाही, कारण फायदा खालच्या सगळ्यांना होतो.

जागा ठरवताना दोन गोष्टी एकत्र पाहायच्या: प्रदूषणाचा साठा किती आणि तो पाण्यापर्यंत पोचायला वाट आहे का. एखाद्या शेतात स्फुरद (खतातला फॉस्फरस) भरपूर साठलेला असेल, पण तिथले अपधावाचे, म्हणजे पावसात जमिनीवरून वाहणारे, पाणी ओढ्याला लागतच नसेल, तर ते शेत यादीत खाली जाते. उलट स्फुरद मध्यम, पण शेताच्या कोपऱ्यातून घळ थेट ओढ्यात उतरते, तर ते वर. उकिरडे आणि गोठ्यांचे मूत्र वाहून नेणाऱ्या चऱ्या वेगळ्या नोंदवा. क्षेत्रफळ नगण्य असले तरी भार मोठा असतो.

पाणलोटाचे उपपाणलोट पाडा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि जोराच्या पावसात शक्य तेवढे फिरून पाणी कुठून गढूळ उतरते ते नकाशावर मांडा. संगणकावर काढलेला धूप नकाशा मिळाला तर वापरा, पण त्याची मर्यादा ओळखून. असे बरेच नकाशे विशमायर आणि स्मिथ यांच्या मृदाधूप समीकरणावर बेतलेले असतात. त्या समीकरणात पृष्ठभागावरची चादरी धूप (माती पातळ थराने वाहून जाणे) आणि बारीक ओघळ येतात. घळी आणि ओढ्याचे ढासळणारे काठ त्यात येतच नाहीत. शेतातून पाणी वाहिलेले नाही, तरी ओढा गढूळ आहे, असे दिसले तर काठावर संशय घ्या. अशा ठिकाणी शेतात कितीही बांधबंदिस्ती केली तरी गाळ थांबणार नाही.

मग कामांची तुलना करा. खर्चाला मीटर किंवा संख्येने भागू नका, थांबलेल्या किलोंनी भागा. समजा घळ नियंत्रणाच्या कामाला निधीचे १० हिस्से लागतात आणि ते वर्षाला ३० किलो स्फुरद १० वर्षे अडवते. म्हणजे ३०० किलो, हिश्शामागे ३०. आच्छादन पिकाला (जमीन झाकून ठेवण्यासाठी घेतलेल्या पिकाला) २ हिस्से लागले आणि त्या एका वर्षात २० किलो थांबले, तर हिश्शामागे १०. घळीचे काम उजवे दिसते. पण त्याच्या देखभालीला १० वर्षांत आणखी ५ हिस्से लागणार असतील, तर आकडा २० वर येतो. देखभाल न धरता केलेला हिशेब कागदावर नेहमीच छान दिसतो.

माथा ते पायथा हा क्रम मोडू नका. वरची माती सुटी असताना खाली बंधारा बांधला तर तो गाळाने भरतो, आणि त्याचे पैसे जातात.

एक धोका अनेकदा सुटतो. समतल चर आणि बांध पाणी मुरवतात, त्यामुळे माती आणि मातीला चिकटलेला स्फुरद थांबतो. पण नायट्रेट, म्हणजे नत्राचे (नायट्रोजनचे) पाण्यात विरघळणारे रूप, मातीला चिकटत नाही. मुरणाऱ्या पाण्याबरोबर ते विहिरीत उतरते. म्हणून जिथे चर घेता, तिथे नत्राची मात्रा माती परीक्षणानुसार आणि पिकाच्या गरजेच्या वेळी विभागून देण्याची अट निधीला जोडा. ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्यालाही मर्यादा आहे. पाणी पातळ थराने पसरून आले तर गवत गाळ धरते, एकाच घळीतून जोरात आले तर पट्टा कापून निघून जाते. तिथे आधी पाणी पसरवण्याची सोय करा.

प्रश्न: प्रदूषण कमी झाले हे आम्ही कसे मोजायचे? महिन्यातून एकदा बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर पुरते का?

पुरत नाही. वर्षभरातल्या गाळाचा आणि स्फुरदाचा बहुतांश भाग मोजक्या मोठ्या पावसांत वाहून जातो. ठरलेल्या तारखेला घेतलेला नमुना बहुतेक वेळा संथ पाण्याचाच येतो. महिन्याचा नमुना चालू ठेवा, पण हंगामातल्या मोठ्या पुरांचे नमुनेही घ्या, आणि तेही पाणी चढत असताना. उतरत्या पाण्यात गाळ सहसा बराच कमी झालेला असतो.

काम सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष मोजणी हवी, दोन-तीन वर्षे मिळाली तर उत्तम. आधीचे माप नसेल तर नंतरच्या मापाला अर्थ उरत नाही, आणि निधीतून सगळ्यात आधी कात्री नेमकी याच बाबीला लागते. शेजारचा, माती आणि उतार सारखे असलेला एक उपपाणलोट कामाविना ठेवा आणि तिथेही तशीच मोजणी करा. नाहीतर कोरडे वर्ष आले की गाळ आपोआप घटतो आणि त्याचे श्रेय कामाला दिले जाते.

प्रवाह मोजल्याशिवाय भार कळत नाही. लिटरमागे मिलिग्रॅम गुणिले सेकंदाला लिटर, त्याला ०.०८६४ ने गुणले की दिवसाचे किलो मिळतात. ५ मिलिग्रॅम आणि १०० लिटर असेल तर ४३.२ किलो. लहान ओघळावर ९० अंशांची व्ही-नॉच पाटी (इंग्रजी V सारखी खाच असलेली, प्रवाह मोजायची आडवी पाटी) बसवा. नॉचवर १० सेंटिमीटर पाणी असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त वाढतो, त्यामुळे पट्टी वाचताना झालेली एका सेंटिमीटरची चूकही महाग पडते. पट्टी पाटीला लावू नका. पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा, कारण नॉचजवळ पाणी खाली वळते. पाटीमागे गाळ साचला तर तो काढा, नाहीतर आकडे बिघडतात.

नमुन्याची बाटली धुण्याच्या पावडरने धुऊ नका, त्यातला फॉस्फेट थेट निकालात उतरतो. त्याच ओढ्याच्या पाण्याने तीनदा खळबळून भरा आणि बर्फात ठेवा. नायट्रेटची तपासणी ४८ तासांच्या आत व्हावी. विद्राव्य (पाण्यात विरघळलेल्या) स्फुरदासाठी नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा लागतो. अहवाल आला की नायट्रेट कोणत्या रूपात लिहिले आहे ते पाहा: जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची लिटरमागे ५० मिलिग्रॅम ही मर्यादा नायट्रेटची आहे, नत्राच्या रूपात ती ११.३ होते. एका वर्षीचा अहवाल एका रूपात आणि पुढचा दुसऱ्या रूपात आला, तर प्रदूषण चौपटीने घटल्याचा किंवा वाढल्याचा भास होतो.

एकूण स्फुरद आणि विद्राव्य स्फुरद वेगवेगळे तपासून घ्या, इथे काटकसर नको. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात सांडपाण्यातला स्फुरद कमी केल्यावर १९८० च्या दशकात पाणी सुधारले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्याला मिळणाऱ्या मॉमी नदीतून येणारा विद्राव्य स्फुरद वाढत गेला आणि शेवाळ परतले. वरून फेकलेले खत, वरच्या थरात साठलेला स्फुरद आणि जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. विद्राव्य स्फुरद शेवाळाला लगेच वापरता येतो. माती अडवणाऱ्या बांधाने तो अडत नाही. त्यासाठी खत मातीआड करणे आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर न टाकणे हे मुख्य उपाय आहेत.

प्रश्न: कामे होऊन दोन वर्षे झाली, विहिरीतले नायट्रेट तेवढेच आहे. निधी देणारे जाब विचारतात. काम फसले का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. भूजलातले नायट्रेट उतरायला काही वर्षे, कुठे काही दशकेही लागतात. ओढ्याच्या तळाशी जुना गाळ असतो, तोही प्रत्येक पुरात थोडा थोडा निघत राहतो. म्हणून निधी घेतानाच मधले टप्पे लिहून द्या: पहिल्या वर्षी खताचा वापर किती घटला, दुसऱ्या वर्षी शेताच्या कडेला येणाऱ्या अपधावात गाळ किती घटला, तिसऱ्या-चौथ्या वर्षी माती परीक्षणात स्फुरद कुठे आहे. मात्र शेताच्या कडेलाही फरक दिसत नसेल, तर वेळ लागतो हे कारण पुढे करू नका. जागा चुकली आहे किंवा काम तुटले आहे, ते जाऊन बघा.

प्रश्न: हप्ते कसे सोडायचे?

आखणी तपासल्यावर पहिला, काम मोजल्यावर दुसरा, आणि एक हिस्सा पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत रोखून ठेवा. ठिकाणाची नोंद असलेला फोटो काम उभे आहे एवढेच सांगतो, चालते की नाही ते सांगत नाही. पावसानंतर सांडव्याखाली खड्डा पडला का, बंधाऱ्याच्या बगलेने पाणी फुटले का, चर तुंबले का, हे पाहून मगच शेवटचा हप्ता द्या. नोंदवहीत प्रत्येक कामापुढे उपपाणलोट क्रमांक, खर्च, साठवण क्षमता आणि गाळ काढल्याची तारीख असावी. गाळ निम्म्यावर आला की काढायचा. तो काठावर टाकला तर पुढच्या पुरात परत आत येतो. माती तपासून, ज्या शेतात स्फुरद कमी आहे तिथे पसरा.