दोन लॅबमध्ये टीएसएच वेगवेगळा आला. खरा कोणता धरायचा?

तुमचा प्रश्न असा की चार दिवसांच्या अंतराने दोन लॅबमध्ये टीएसएच केला (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंद पडली की हे वाढतं, जास्त चालली की उतरतं). पहिल्या ठिकाणी संध्याकाळी, ऑफिसातून येताना, तेव्हा 4.1 आला. दुसऱ्या ठिकाणी सकाळी उपाशीपोटी, तिथे 6.3. मग लॅबवाले आकडे अंदाजपंचे टाकतात का?

मी त्याच लॅबवाल्यांपैकी. आमच्यात चुका होतात, नाही असं नाही. पण तुमच्या बाबतीत दोन्ही आकडे खरे असण्याचीच शक्यता जास्त वाटते.

मशीन टीएसएच थेट मोजत नाही, उजेड मोजतं. रक्त फिरवून वेगळं केलेल्या पिवळसर सीरममध्ये एक अँटिबॉडी (ठरावीक रेणूच पकडणारं प्रथिन) टीएसएचला एका बाजूने पकडते. दुसरी, जिला उजेड देणारं रसायन जोडलेलं असतं, ती दुसऱ्या बाजूने. दोन चिमट्यांत धरल्यासारखं. जितका टीएसएच, तितका उजेड, आणि त्या उजेडाचा आकडा मशीन कॅलिब्रेशनवरून, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या सॅम्पलच्या उजेडाशी ताडून, काढतं. आता प्रत्येक कंपनीचे चिमटे वेगळे. शिवाय टीएसएचच्या रेणूला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, त्याही सगळ्या रेणूंवर सारख्या नसतात. त्यामुळे एकच नळी दोन कंपन्यांच्या मशीनवर लावली तरी आकडा थोडा हलतो. रेफरन्स रेंज, म्हणजे नॉर्मल मानायची मर्यादा, प्रत्येक लॅबची वेगळी छापलेली असते, ती यासाठीच.

एकाच मशीनचं म्हणाल तर ते बऱ्यापैकी इमानदार असतं. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आम्ही क्यूसी लावतो, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली दोन सॅम्पल. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर रिपोर्ट सोडायचेच नाहीत. बाहेरूनही तपासणी असते. वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजकडून नमुने येतात, आकडे आम्ही कळवायचे आणि बाकीच्या लॅब्सच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते तिकडून कळतं. निकाल आला की आमच्याकडे दहावीच्या निकालासारखं वातावरण असतं.

खरी गंमत तुमच्या शरीरात आहे. टीएसएच दिवसभर एकसारखा राहत नाही. मध्यरात्रीनंतर तो सगळ्यात वर असतो, पहाटे-सकाळीही चढाच, आणि दुपारपर्यंत उतरतो. शिवाय एकाच निरोगी माणसात तो दिवसागणिक साधारण 20 टक्क्यांनी इकडेतिकडे होत राहतो. यात मशीनचा फरक मिळवला की दोन रिपोर्टमध्ये 40-50 टक्क्यांची तफावत निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. तुम्ही तर एक टेस्ट संध्याकाळी केली, एक सकाळी, तीही वेगवेगळ्या मशीनवर.

रिपोर्ट साफ चुकतो कधी, तेही सांगतो. एकदा एका बाईंचा टीएसएच 0.02 आला, फ्री टी4 (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) चांगलाच वाढलेला. कागदावर थायरॉईड उधळलेला. रिपीट लावलं, तेच. फोन केला तर बाई निवांत! धडधड नाही, वजन घटलं नाही, हात थरथरत नाहीत. औषधं विचारली तर म्हणाल्या, ‘काही नाही हो, केसांसाठी एक गोळी घेते.’ त्या गोळीत 10 मिलिग्रॅम बायोटिन, हे एक व्हिटॅमिन. दिवसाची गरज 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 300 पटींहून जास्त. काही कंपन्यांच्या किटमध्ये ते चिमटे बायोटिननेच जागेवर बसवलेले असतात. रक्तात बायोटिनचा पूर आला की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी4 खोटा जास्त. गोळी बंद करून आठवड्याने परत रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल 2017 मध्येच सावध केलं होतं, पण केसांची गोळी कोणी ‘औषध’ म्हणून सांगत नाही, तिथेच गाडं अडतं. हल्ली बऱ्याच किटमध्ये सुधारणा झाली आहे, तरी टेस्टआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवलेली बरी. अर्थात डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांना विचारून.

बाकी हार्मोन्सचं थोडक्यात. प्रोलॅक्टिन सुईच्या भीतीनेही वाढतं, म्हणून आल्या आल्या हात पुढे करू नका, थोडं बसा. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारासच. बायकांचं टेस्टोस्टेरॉन मुळात इतकं कमी असतं की या उजेडाच्या पद्धती तिथे कच्च्या पडतात. शंका असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, करून घ्यावं, पण ती सोय मोजक्या मोठ्या लॅबमध्ये असते आणि पैसेही जास्त पडतात.

डॉक्टर थायरॉईडची गोळी सुरू करू म्हणतायत असं तुम्ही लिहिलंय. तो निर्णय त्यांचा, पण गरोदर नसाल किंवा लवकर तसा विचार नसेल, तर त्यांना एवढं विचारा: सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, फ्री टी4 आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीजची टेस्ट) एकाच लॅबमध्ये, सकाळी करून मग ठरवलं तर चालेल का? जाताना दोन्ही रिपोर्ट न्या, आणि त्यावर रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते ती दाखवा.