‘एकास दोन’ ही मागणी निवेदनात कितव्या क्रमांकावर ठेवावी?

आपल्या व्यापारी संघटनेतर्फे सरकारला नियमसुधारणेचे निवेदन द्यायचे आहे आणि त्यात ‘प्रत्येक नव्या नियमामागे दोन जुने नियम रद्द करावेत’ (थोडक्यात ‘एकास दोन’) ही मुख्य मागणी ठेवावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही मागणी असायला हरकत नाही, पण ती पहिली नसावी. परवाने आणि अनुपालनाच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, नियमांची संख्या मोजून गुंतवणूकदार क्वचितच मागे फिरतो. अर्जाचा निकाल कधी लागेल, तो कोणाच्या मर्जीवर लागेल आणि आज लागलेला निकाल दहा वर्षांनी टिकेल का, हे त्याला कोणी सांगू शकत नाही, तेव्हा तो पैसा हातात धरून बसतो.

‘एकास दोन’चा अनुभव काय सांगतो ते आधी पाहू. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2001 साली निवडून आलेल्या सरकारने तीन वर्षांत नियमांचा भार एक तृतीयांशाने कमी करण्याचे जाहीर केले आणि ते उद्दिष्ट गाठलेही. त्यांनी कायद्यांची संख्या मोजली नाही. नागरिकाने किंवा व्यावसायिकाने ‘अमुक केले पाहिजे’ असे जिथे जिथे लिहिले होते ती प्रत्येक अट मोजली, मग ती कायद्यात असो, नियमावलीत असो किंवा अर्जाच्या नमुन्यात असो. मोजण्याचे एकक ठरवण्यातच निम्मे यश होते, कारण एकक ‘कायदा’ असते तेव्हा कोणत्याही खात्याला वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले कायदे रद्द करून आकडा सहज दाखवता येतो. ब्रिटनने 2011 मध्ये ‘एकास एक’, 2013 मध्ये ‘एकास दोन’ आणि 2016 मध्ये ‘एकास तीन’ अशी चढती भाजणी लावली, पण तिथेही हिशेब नियमांच्या संख्येचा नव्हता, उद्योगांवर पडणाऱ्या खर्चाचा होता. अमेरिकेत 2017 च्या जानेवारीत ‘एकास दोन’चा आदेश निघाला, 2021 च्या जानेवारीत तो मागे घेतला गेला आणि 2025 च्या जानेवारीत ‘एकास दहा’ असा नवा आदेश आला. वीस वर्षे चालणारा कारखाना उभारणाऱ्याने यातून काय समजायचे? नियम कसे करावेत याचाच नियम आठ वर्षांत तीनदा बदलला.

नेदरलँड्सचे उदाहरण आपल्या संघटनेने अवश्य अभ्यासावे. त्या सरकारने माहिती देण्याच्या व नोंदी ठेवण्याच्या बंधनांचा उद्योगांवरील खर्च पैशांत मोजण्याची पद्धत विकसित केली, 2003 पासून तो 25 टक्क्यांनी कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि बव्हंशी पूर्ण केला. पुढे युरोपीय संघाने हेच उद्दिष्ट 2012 पर्यंतसाठी स्वीकारले. तरीही ‘आम्हाला काही फरक जाणवला नाही’ अशी डच व्यावसायिकांची तक्रार राहिली. त्यात नवल नाही. व्यावसायिकाला खरा जाच होतो तो प्रतीक्षेचा, दोन खात्यांच्या परस्परविरोधी सूचनांचा आणि पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या अटींचा. मोजणी मात्र विवरणपत्रे भरण्याच्या तासांची झाली होती.

मागण्या लिहिण्यापूर्वी नियमांचे प्रकार वेगळे करावेत, कारण सगळ्यांना एकच कात्री लावली की निवेदनाची विश्वासार्हता जाते. कोणी धंद्यात यावे, किती उत्पादन करावे आणि कोणत्या किमतीला विकावे हे ठरवणारे नियम हा एक प्रकार. ते हटवले की परिणाम मोठा दिसतो, कारण तिथे मुळात मनाईच उठते. अमेरिकेने 1978 च्या कायद्याने हवाई मार्ग आणि भाडे यांवरील सरकारी नियंत्रण काढायला सुरुवात केली आणि 1985 मध्ये ते नियंत्रण करणारे मंडळच बंद केले. भारताने जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणात अठरा उद्योगांचा अपवाद ठेवून औद्योगिक परवाना पद्धत रद्द केली. पण अमेरिकेने भाडे मोकळे केले तेव्हा विमानांच्या सुरक्षिततेचे नियम मोकळे केले नव्हते, हे विसरू नये. सुरक्षितता, पर्यावरण आणि ठेवीदारांचे संरक्षण यांचे नियम हा दुसरा प्रकार आहे आणि तिथे सैलपणाची किंमत उद्योगालाच मोजावी लागते. बोइंग 737 मॅक्सच्या प्रमाणीकरणाचे बरेचसे काम नियामकाने उत्पादक कंपनीच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवले होते. 2018 आणि 2019 मधील दोन अपघातांत 346 माणसे गेली आणि ती विमाने जगभर जमिनीवर उभी राहिली. म्हणून या दुसऱ्या प्रकारात ‘नियम काढा’ असे लिहू नये. ‘मानक तेच ठेवा, तपासणी एकदाच आणि ठरलेल्या वेळेत करा’ असे लिहावे.

नोंदणी सोपी करण्याच्या मागणीबद्दल थोडे सावध राहावे. पोर्तुगालने 2005 मध्ये एकाच खिडकीवर तासाभरात कंपनी नोंदवण्याची सोय केली. नव्या कंपन्या आणि रोजगार वाढले, पण या सुधारणेवरील अभ्यासात असे आढळले की वाढ मुख्यतः लहान, कमी तंत्रज्ञानाच्या आणि टिकण्याची शक्यता कमी असलेल्या व्यवसायांची होती. ही सुधारणा वाईट होती असे मी म्हणत नाही. ज्याला चार दिवसांची धावपळही परवडत नाही त्याच्यासाठी ती मोलाची असते. पण मोठे भांडवल नोंदणीच्या टेबलावर अडत नाही. ते जमीन, वीजजोडणी, बांधकामाचा परवाना आणि पर्यावरणीय मंजुरी या टप्प्यांवर अडते.

म्हणून पहिली मागणी मुदतीची असावी, आणि ती नुसती ‘मुदत ठरवा’ अशी नसावी. मुदत कागदावर जवळपास सगळीकडे असते. ती उलटली तर काय होईल, हे बहुतेक ठिकाणी स्पष्ट नसते. फ्रान्सने 2013 मध्ये कायदा करून ‘प्रशासनाचे दोन महिन्यांचे मौन म्हणजे होकार’ हे तत्त्व स्वीकारले आणि पुढच्या वर्षापासून राज्ययंत्रणेला लागू केले; मात्र त्याला इतके अपवाद जोडले गेले की आपला अर्ज तत्त्वात बसतो की अपवादात, हे शोधणे हेच अर्जदाराचे नवे काम झाले. अपवादांची यादी आखूड आणि बंदिस्त असावी, हे मागणीतच नमूद करावे. दुसरी अडचण अशी की केवळ मानीव मंजुरीवर, म्हणजे मुदत उलटल्यामुळे मिळाली असे धरलेल्या मंजुरीवर, बँक सहसा कर्ज देत नाही, कारण तिच्या फाइलला कागद लागतो. तेव्हा मुदत संपताच संगणक प्रणालीतून सही-शिक्क्याइतकेच वैध प्रमाणपत्र आपोआप निघाले पाहिजे, नाहीतर मौनाचा होकार मौनच राहतो. तिसरी अडचण परवान्यांच्या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एक त्रुटी निघते, ती पूर्ण केली की दुसरी निघते आणि प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर येते. यावर उपाय एका वाक्याचा आहे. सर्व त्रुटी अर्ज आल्यापासून ठरावीक दिवसांत एकदाच कळवाव्यात आणि त्यानंतर, अर्जदाराने स्वतः प्रस्ताव बदलला नसेल तर, नवी त्रुटी काढता येऊ नये. माझ्या मते हे एक वाक्य ‘एकास दोन’पेक्षा अधिक काम करते. एक खिडकीची मागणी करताना त्या खिडकीला निर्णयाचा अधिकार असावा, असेही लिहावे. मागची दहा टेबले तशीच राहिली, तर ती खिडकी म्हणजे फक्त टपाल स्वीकारण्याची नवी जागा ठरते.

दिवस कसे मोजायचे याविषयीही आग्रह धरावा. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा अहवाल एका ठरावीक नमुन्याच्या कंपनीला कायद्याप्रमाणे किती दिवस लागतील ते मोजत असे. क्रमवारीत वर चढण्यासाठी अनेक सरकारांनी नेमक्या त्याच निर्देशकांवर मेहनत घेतली; शेवटी 2018 आणि 2020 च्या अहवालांतील आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यावर बँकेने 2021 मध्ये तो अहवाल बंद केला. त्याच बँकेची प्रत्यक्ष उद्योगांमधली सर्वेक्षणे अधिक बोलकी आहेत. एकाच देशात, एकाच परवान्यासाठी, कोणाला काही दिवस लागतात आणि कोणाला अनेक महिने. हा फरकच मनमानीचे माप आहे. त्यामुळे खात्याने केवळ सरासरी प्रसिद्ध करू नये. दर दहा अर्जांपैकी सर्वांत रखडलेल्या एका अर्जाला किती दिवस लागले, हेही दर तिमाहीला प्रसिद्ध करावे. सरासरी सुधारणे सोपे असते, कारण ओळखीच्यांचे अर्ज लवकर काढले की ती सुधारते.

स्थैर्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहाच. स्पेनने सौर वीज प्रकल्पांना ठरावीक काळासाठी चढ्या दराची हमी दिली, त्या भरवशावर प्रकल्प उभे राहिले आणि 2010 नंतर वीजक्षेत्रातील तूट वाढल्यावर आधीच उभ्या प्रकल्पांचेही लाभ कापले. त्यातून आंतरराष्ट्रीय लवादांपुढे दाव्यांची रांग लागली. भारताने 2012 मध्ये प्राप्तिकर कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने बदल केला आणि 2021 मध्ये ती तरतूद मागे घेतली. मधल्या नऊ वर्षांत या एका तरतुदीची गुंतवणूकदारांत जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची झाली असेल. कर वाढवण्याचा अधिकार सरकारला आहेच. बदल पुढच्या तारखेपासून लागू व्हावेत, मसुदा आधी प्रसिद्ध होऊन हरकती व सूचनांना पुरेसा वेळ मिळावा आणि आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्यावे, एवढीच मागणी आहे.

कामगारसंख्येसारख्या मर्यादांचा मुद्दा लहान वाटतो, पण वाढीशी त्याचा थेट संबंध आहे. फ्रान्समध्ये पन्नास कामगारांचा आकडा गाठताच अनेक बंधने एकदम लागू होत असत, आणि आकडेवारीत 49 कामगारांवर थांबलेल्या कंपन्यांचा उंचवटा स्पष्ट दिसे. 2019 च्या कायद्याने सलग पाच वर्षे मर्यादा ओलांडल्यावरच बरीचशी बंधने लागू होतील असे ठरले. आपल्या क्षेत्रात असा उंबरठा असेल, तर सवलत मागण्यापेक्षा ही पायरी उताराची करून मागावी.

किरकोळ चुकांसाठी तुरुंगवासाच्या तरतुदी काढाव्यात, ही मागणी आता बरीच मान्य झाली आहे. भारताच्या 2023 च्या जन विश्वास कायद्याने 42 कायद्यांतील 183 तरतुदींबाबत हेच केले, त्यामुळे त्यावर पाने खर्च करण्याची गरज नाही.

एक अवघड गोष्टही सांगतो. संघटनेतील जुन्या, स्थिरावलेल्या सभासदांना काही परवाने मनातून हवेच असतात, कारण नव्या स्पर्धकाला त्यामुळे दार उघडायला उशीर होतो. मसुद्यावर चर्चा होईल तेव्हा ‘गुणवत्तेसाठी हा परवाना राहू द्या’ असे कोण म्हणते, याकडे लक्ष ठेवावे. सरकारी अधिकाऱ्यांनाही हे कळते, आणि ज्या निवेदनात सभासदांना गैरसोयीची एकही सुधारणा नसते ते स्वार्थी समजून बाजूला ठेवले जाते.

आता ‘एकास दोन’कडे वळतो. ती मागणी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवावी आणि तिला संस्थेचा आधार द्यावा. जर्मनीत 2006 पासून एक स्वतंत्र परिषद प्रत्येक नव्या कायद्याच्या मसुद्यातील खर्चाचा अंदाज तपासते. खात्याने स्वतःच केलेला अंदाज त्यामुळे अंतिम ठरत नाही. ऑस्ट्रेलियात केंद्रीय सरकारचे बहुतेक दुय्यम नियम, म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेले नियम, दहा वर्षांनी आपोआप संपतात आणि पुढे चालवायचे असतील तर त्यांचे समर्थन नव्याने करावे लागते. या दोन व्यवस्था असल्या तर संख्येची अट फारशी लागत नाही. त्या नसतील तर खाते दोन छोटे नियम जोडून एक मोठा करील आणि दोन कमी झाले म्हणून सांगेल.

मसुदा करताना प्रत्येक तक्रारीपुढे कलम किंवा अधिसूचनेचा क्रमांक, अर्जाचा नमुना, कार्यालयाचा स्तर, सभासदांना प्रत्यक्ष लागलेले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दिवस आणि बदलाचे सुचवलेले शब्द, अशा पाच गोष्टी लिहाव्यात. ‘जाचक अटी शिथिल कराव्यात’ या वाक्यावर कोणताही अधिकारी टिपणी लिहू शकत नाही, पण ‘नियम अमुकमध्ये या शब्दांऐवजी हे शब्द घालावेत’ यावर त्याला होय किंवा नाही लिहावेच लागते. सभासदांकडून हे दिवसांचे आकडे गोळा झाले की इथे टाका. कोणती मागणी पहिली ठेवायची ते त्यांवरून नक्की करता येईल.