सोशल सिक्युरिटीचं जुनं युजरनेम बंद झालं. आई-बाबांसाठी लॉगिन डॉट गव्ह घ्यावं की आयडी डॉट मी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाबांनी अमेरिकेत नोकरी केली, आता त्यांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथल्या सरकारची पेन्शन, मिळते आणि आईलाही बाबांच्या नोकरीच्या रेकॉर्डवर मिळते. बाबांचं जुनं युजरनेम आता चालत नाही, सोशल सिक्युरिटीच्या साइटवर साइन-इन करायला लॉगिन डॉट गव्ह आणि आयडी डॉट मी या ओळख पटवणाऱ्या दोन सेवांचीच बटणं दिसतात. आईचं खातं कधी उघडलेलंच नाही. दोघं हिवाळ्यात चार-पाच महिने भारतात जाणार आहेत, तुम्ही दुसऱ्या राज्यात असता, आणि तुमच्या मनात आहे की दोघांच्या नावाने तुम्हीच बसून सगळं उरकून टाकावं.

आधी धास्ती घालवतो. ऑनलाइन खातं उघडत नाही म्हणून दर महिन्याचे पैसे थांबत नाहीत. बँकेत जमा होणारी रक्कम आणि साइन-इन यांचा एकमेकांशी संबंध नाही. अडतं ते इतकंच, की बँक बदलायची असेल, पत्ता बदलायचा असेल, जानेवारीत करासाठी १०९९ फॉर्म उतरवून घ्यायचा असेल किंवा कुणाला मिळकतीचं पत्र दाखवायचं असेल तर घरबसल्या करता येत नाही. त्यामुळे घाईघाईत, रात्री अकरा वाजता फोनवर बाबांना 'आता काय दिसतंय' विचारत हे करू नका.

मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो आणि तिथे येणाऱ्या ज्येष्ठांना अशी खाती लावून द्यायला बरीच मदत केली आहे. त्यावरून सांगतो: दोन बटणांपैकी कोणतं दाबायचं यावर लोक जितका विचार करतात तितका करायची गरज नाही. पुढे त्रास होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तिकडे येतोच, पण बटणाचं आधी सांगून टाकतो.

बाबांकडे ग्लोबल एंट्री, म्हणजे अमेरिकेत परत येताना विमानतळावरची तपासणी लवकर उरकणारी सोय, आहे का? असेल तर त्यांचं लॉगिन डॉट गव्हचं खातं आधीपासून आहे, कारण तो अर्ज तिथूनच होतो. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, साइटवर जाऊन त्यांनी कधी कराची माहिती पाहिली असेल तर बहुधा आयडी डॉट मी आहे. जे आहे तेच वापरा. दुसरं नवीन काढलं की कुठल्या खात्याला कुठला पासवर्ड यातच माणूस हरवतो. दोन्ही नसेल तर माझा कल लॉगिन डॉट गव्हकडे आहे. ते २०१७ पासून सुरू आहे आणि केंद्र सरकारचंच जनरल सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशन ते चालवतं. आयडी डॉट मी ही व्हर्जिनियातली खासगी कंपनी आहे. २०२१ च्या अखेरीस आयआरएसने तिच्यामार्फत चेहऱ्याची ओळख सक्तीची करायचं ठरवलं, तेव्हा इतका विरोध झाला की २०२२ च्या फेब्रुवारीतच माघार घ्यावी लागली. मात्र आयडी डॉट मीची एक सोय खरोखर चांगली आहे. कागदपत्रं किंवा फोन यंत्राला पटलं नाही तर व्हिडिओ कॉलवर माणसाशी बोलून ओळख पटवता येते. ज्यांचं एकही बिल स्वतःच्या नावावर नाही अशा आजींना मी सरळ तोच रस्ता सुचवतो.

हा बदल का केला, हेही बाबांना नीट सांगा, कारण 'चांगलं चाललं होतं ते का मोडलं' हा राग मला रोज ऐकू येतो आणि तो मी चुकीचा मानत नाही. 'माय सोशल सिक्युरिटी' हे ऑनलाइन खातं २०१२ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी सोशल सिक्युरिटीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकांच्या अहवालांत आलं की भामटे दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून पेन्शन स्वतःच्या बँकेत किंवा कार्डावर वळवत होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मोबाइलवर येणारा कोड सक्तीचा केला. ज्यांच्याकडे मोबाइलच नाही त्या पेन्शनरांचं काय, म्हणून ओरड झाली आणि साधारण दोन आठवड्यांत तो निर्णय मागे घेतला. मग जून २०१७ पासून मोबाइल किंवा ईमेल, कुठेही कोड मागवा अशी तडजोड झाली. ती तडजोडच कच्ची होती. ज्याच्या हाती ईमेल लागला त्याला पासवर्डही बदलता येतो आणि कोडही मिळतो. १८ सप्टेंबर २०२१ च्या आधी उघडलेली खाती अशीच जुन्या युजरनेमवर चालू राहिली होती. ती हलवायची सूचना २०२४ च्या जुलैत निघाली आणि जून २०२५ मध्ये जुना रस्ता बंद झाला. लॉगिन डॉट गव्ह ईमेलवरचा कोड दुसरा पुरावा (पासवर्डनंतर ओळखीसाठी मागितला जाणारा) म्हणून धरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता खरी अडचण कुठे येते ते सांगतो.

आपल्या घरांत नवरा-बायकोचा मिळून एकच ईमेल असतो. मुलाने दहा वर्षांपूर्वी काढून दिलेला, दोघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेला. लॉगिन डॉट गव्हला एका ईमेलवर एकच माणूस चालतो. तेव्हा आईचा स्वतंत्र ईमेल आधी काढा, तो तिच्या फोनवर उघडतो हे बघा, आणि मगच पुढे जा.

दुसरं, फोन. ओळख पटवताना तुमचा नंबर तुमच्याच नावाशी जुळतो का हे तपासलं जातं. आई-बाबा तुमच्या फॅमिली प्लॅनवर असतील तर नंबर तुमच्या नावावर निघतो आणि तपासणी तिथेच अडते. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. अशा वेळी पोस्टाने पत्र मागवायचा पर्याय असतो. त्यात एक कोड येतो, पत्र यायला साधारण पाच ते दहा दिवस लागतात आणि कोडला ३० दिवसांची मुदत असते. आई-बाबा भारतात आणि पत्र इकडच्या बंद घराच्या पेटीत, असं व्हायला नको. म्हणून हे काम निघायच्या आधी निदान दोन महिने सुरू करा.

तिसरं, नाव. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. मग सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डवर एक, लायसन्सवर दुसरं, आणि कुठेतरी मधलं नाव पहिल्या नावालाच चिकटलेलं. यंत्र 'जुळत नाही' एवढंच सांगतं, काय जुळत नाही ते सांगत नाही. आईचं सोशल सिक्युरिटी कार्ड आणि लायसन्स शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही बघा, कारण त्या पिढीत शाळेतली तारीख आणि खरी तारीख वेगळी असणं नवलाचं नाही. रेकॉर्डवरच चूक असेल तर एसएस-५ अर्ज भरून ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागते. चूक तशीच ठेवून ओळख पटवण्यासाठी सेल्फीवर सेल्फी काढत बसण्यात अर्थ नाही. लॉगिन डॉट गव्हची ओळख पोस्ट ऑफिसात प्रत्यक्ष जाऊनही पटवता येते. ऑनलाइन सुरुवात केली की बारकोड मिळतो, तो आणि लायसन्स घेऊन ठरलेल्या पोस्टात जायचं. ज्यांचे हात कॅमेऱ्यासमोर थरथरतात त्यांना हे फार सोपं जातं.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, भारतातून साइन-इन. अमेरिकेतला नंबर तिकडे रोमिंगवर असेल तरच मेसेज येणार. तो बंद करून गेलात किंवा प्रीपेडची मुदत संपली तर कोड येणारच नाही. बरेचजण पैसे वाचवायला नंबर गूगल व्हॉइसवर नेऊन ठेवतात, पण इंटरनेटवर चालणारे असे नंबर लॉगिन डॉट गव्ह घेत नाही. आणि हे नीट लक्षात घ्या: दुसऱ्या पुराव्याचे सगळे मार्ग गेले तर त्यांच्या मदतकेंद्राला फोन करूनही खातं उघडून मिळत नाही. खातं काढून टाकायचं, २४ तास थांबायचं, नव्याने उघडायचं आणि ओळख पुन्हा पटवायची, एवढाच मार्ग उरतो. ते भारतात बसून करणं किती अवघड जाईल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच.

म्हणून मेसेजवर कधीच अवलंबून राहू नका. फोनमध्ये ऑथेंटिकेटर अॅप, म्हणजे साइन-इनचा कोड स्वतःच तयार करणारं अॅप, घाला. त्याला सिम लागत नाही, नेट लागत नाही, दर अर्ध्या मिनिटाला नवीन सहा आकडे दाखवत राहतं. आणि त्याच्या जोडीला बॅकअप कोड घ्या. ते दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. हे मी लोकांकडून कागदावरच लिहून घेतो, त्यांच्याच हाताने, मोठ्या अक्षरात, शून्य आणि ओ वेगळे कळतील असे. वर तारीख घालायला लावतो. कोड वापरला की त्यावर काट मारायची. नवीन संच काढला की जुना रद्द होतो, तेव्हा जुना कागद त्याच वेळी फाडायचा. एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात, एक घरी. फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, कारण फोन हरवला की कागदही जातो. ओळख पटवून झाल्यावर स्क्रीनवर 'पर्सनल की' नावाची अक्षरं दाखवली गेली तर तीही त्याच कागदावर उतरवा. पासवर्ड विसरला तर ओळख पुन्हा पटवायची वेळ तिच्यामुळे टळते.

मेसेजचा आणखी एक तोटा मी रोज बघतो. कोड दहा मिनिटांत संपतो. आजी चष्मा शोधतात, तोवर स्क्रीन झोपते, फोनचा पिन आठवत नाही, मग घाबरून दुसरा कोड मागवतात आणि पहिलाच टाइप करतात. शेजारी बसलेल्याने फोन हातातून ओढून घेऊ नये. त्यांनाच आकडे मोठ्याने वाचू द्यावेत. दोन-तीनदा केलं की जमतं, अगदी ऐंशीच्या माणसांनाही जमतं.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. नाही, त्यांच्या नावाने तुम्ही खातं उघडू नका. सोशल सिक्युरिटीचा नियम स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या नावाने खातं उघडता किंवा वापरता येत नाही, त्या माणसाची लेखी परवानगी असली तरीही. आपण घरात मुखत्यारपत्र करून ठेवतो आणि निश्चिंत होतो, पण पेन्शनच्या बाबतीत सोशल सिक्युरिटी ते मानत नाही. कुणाला खरंच स्वतःचं बघणं जमत नसेल तर त्यांच्याकडे 'रिप्रेझेंटेटिव्ह पेयी', म्हणजे त्यांच्या वतीने पैसे घेऊन सांभाळणारा माणूस, नेमण्याची वेगळी पद्धत आहे. तुम्ही शेजारी बसा, वाचून दाखवा, समजावून सांगा. पण पासवर्ड त्यांच्या मनातला असू दे, अॅप त्यांच्या फोनवर असू दे. नियमापलीकडेही मला हे मनापासून वाटतं. आयुष्यभराच्या कमाईचा हिशोब बघायला माणसाला मुलाची परवानगी लागू नये.

आईला मात्र तिचं खातं उघडायला लावाच, तिला काही बघायचं नसलं तरी, नाहीतर तिच्या नावाने एखादा भामटा ते उघडू शकतो. एकदा स्वतःचं खातं झालं की आत जाऊन बँकेचा तपशील ऑनलाइन बदलता येणार नाही अशी रोक लावता येते. खातं नकोच असेल तर त्यांना सांगून ऑनलाइन सेवा पूर्ण बंदही करून घेता येते. काहीच न करता सोडून देण्यापेक्षा दोन्ही बरे.

आणि मेलमधल्या लिंकवरून यातलं काहीही करू नका. 'खातं बंद होणार, इथे दाबा' असे खोटे मेल येतात आणि दिसायला अगदी खरे दिसतात. पत्ता दरवेळी हाताने टाइप करायचा, शेवट डॉट गव्ह आहे ना बघायचं. कोड फोनवर मागणारा माणूस, तो कुणीही असल्याचं सांगो, चोरच समजायचा.

फोनवर बोलायचंच असेल तर सोशल सिक्युरिटीचा नंबर १-८००-७७२-१२१३ आहे. थांबावं लागतं, सकाळी लवकर लावा. बाबांकडे ग्लोबल एंट्री आहे की नाही आणि आईच्या दोन कार्डांवरची नावं जुळतात की नाही, एवढं बघून खाली प्रतिसादात लिहा. नावं किंवा नंबर मात्र लिहू नका. सुरुवात कुठून करायची ते त्यावरून सांगतो.