वकील खाली का बसले?

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेकडे जाणारी वाट शेजाऱ्याने गडगा घालून अडवली. लगेच, २०२१ मध्येच, वाटेच्या हक्कासाठी दावा लावला. शेजाऱ्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आमचेच चुलतकाका. 'तिथून वाट कधीच नव्हती' असं धडधडीत प्रतिज्ञापत्र! उलटतपासात आमच्या वकिलांनी विचारलं काय, तर नोकरी कुठे होती, गावचं घर बंद असायचं का, येणं कधी व्हायचं. काका म्हणाले, 'गणपतीला.' मग आंबा कधी उतरतो ते विचारलं, दोन-तीनदा 'हे म्हणणे खरे नाही' झालं आणि वकील खाली बसले. 'मग वाट नव्हती हे तुम्हाला कसं ठाऊक?' हे विचारा म्हणून मी मागून खुणावत होतो. वकील फितूर तर नाहीत ना?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : फितूर कसले! त्यांनी तुमच्याकडे बघितलं नाही हेच बरं झालं. तो प्रश्न म्हणजे काकांच्या हाती आयतं कोलीत. 'मे महिन्यात पोरांना घेऊन यायचोच की,' एवढं म्हणाले असते की आटोपलं. आता नोंदीवर काय आहे? काका मुंबईला, घराला कुलूप, येणं भाद्रपदात. आणि त्या वाटेने आंबा जायचा चैत्र-वैशाखात. यातून काय निघतं ते युक्तिवादात न्यायाधीशांना सांगायचं, काकांना कशाला विचारायचं? फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर काकांना पुन्हा प्रश्न विचारताना, समोरचे वकील सारवासारव करू शकतात, पण उलटतपासात निघालेल्या गोष्टींपुरतीच.

साक्षीदाराला पिंजऱ्यात रडवलं की उलटतपास रंगला, असं लोकांना वाटतं. रत्नागिरीच्या कोर्टात माझे केस पिकले. 'होय, मी खोटं बोललो' म्हणणारा साक्षीदार काही भेटला नाही.

ते 'हे म्हणणे खरे नाही' मात्र हसण्यावारी नेऊ नका. वकील तुमची बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडतात आणि तो ती नाकारतो. मांडलीच नसती, तर 'त्याचं म्हणणं वादीला कबूलच होतं' असं समोरच्यांनी म्हटलं असतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारख्या हक्कांचा कायदा) वाटेचा हक्क मिळायला २० वर्षांची अखंड, उघड वहिवाट लागते, तीही हक्काने केलेली. तेव्हा साक्षीची नक्कल काढा आणि ही २० वर्षं काकांसमोर मांडली गेली होती का ते बघा. राहिली असतील तर वकिलांशी आजच बोला. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज करता येतो, पण नुसती राहिलेली फट बुजवायची म्हणून कोर्ट सहसा तो मंजूर करत नाही.