गाडी लावणारा माणूस ड्रायव्हरचा पगार कसा ठरवतो?

तुमच्या धाकट्या भावाला नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर म्हणून बोलावलंय. पगार १८ हजार आणि वर भत्ता असं ठरतंय, पण तिथले जुने ड्रायव्हर म्हणतात की खरी कमाई ‘गाडी लावणाऱ्याच्या’, म्हणजे कुठली गाडी कुठल्या ट्रिपला जाईल ते ठरवणाऱ्या सुपरवायझरच्या, हातात असते. हे खरं का, आणि हो म्हणण्याआधी काय विचारावं, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. मी नागपुरातच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो आणि ट्रिपवरून आलेल्या ड्रायव्हरांचे हिशोब माझ्या टेबलावर होतात. तिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात ती गाडी उभी होती त्या दिवसांवरून. पगाराच्या आकड्यावरून क्वचितच. आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, “गाडी चालली तं पैसा, उभी राहिली तं फाका.” भावाला दुसरं काही विचारायला जमलं नाही तरी एवढं विचारायला सांगा, की गाडी उभी राहिली तर तो दिवस कोणाच्या खात्यावर.

एका दिवसाचं गणित बघा. बुटीबोरीच्या कारखान्यातून हैदराबादचा माल आहे. आदल्या रात्री सुपरवायझरचा फोन येतो, सकाळी दहाला गाडी गेटवर पाहिजे. शहराच्या आतल्या रस्त्यांवर दिवसा जड गाडीला नो एंट्री, म्हणून ड्रायव्हर पहाटेच निघून बाहेरच्या रिंग रोडने जातो. गेटवर नंबर लावायचा, रिकाम्या गाडीचं वजन, मग माल तयार होईपर्यंत थांबायचं. हमालांची जेवणाची सुट्टी होते, लोडिंग होतं, भरल्या गाडीचं वजन होतं, मग बिल, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. गेटबाहेर पडेपर्यंत रात्रीचे नऊ. आणि ऑफिसने पार्टीला, म्हणजे मालाच्या गिऱ्हाइकाला, शब्द दिलेला असतो, ‘उद्या सकाळी माल पोहोचेल’. हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे दिवसभर उन्हात, केबिनमध्ये ताटकळलेला माणूस आता रात्रभर गाडी चालवणार. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये त्याची ड्युटी रात्री नऊला सुरू झाली. त्याच्या शरीराच्या हिशोबाने ती पहाटेच सुरू झालेली असते.

ड्रायव्हरला सांगताना पुष्कळदा ई-वे बिलाचं कारण पुढे करतात. ‘बिल संपेल, दंड लागेल, पळ.’ हे भावाला नीट समजावून सांगा. साध्या मालाच्या ई-वे बिलाला १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. ५०० किलोमीटरला तीन दिवस होतात. शिवाय मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत कारण देऊन ती वाढवता येते आणि ते काम ऑफिसात बसून होतं. रात्रभर पळायला लावते ती घाई बहुतेक वेळा ऑफिसने पार्टीला दिलेल्या शब्दाची असते. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या घाईत झोप लागून जो अपघात होतो त्यात शब्द देणारा माणूस कुठेच नसतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ प्रमाणे ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, लांबच्या मार्गावर परवानगीने फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास, असं होतं. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ याच तासांकडे बोट दाखवतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा नव्या श्रमसंहितेत गेला, रोजचे आठ तास तिथेही आहेत. पण प्रत्यक्षात तासांची नोंद बहुतेक ऑफिसांत कोणी ठेवत नाही. त्यात २०१८ मध्ये नॅशनल परमिटच्या, म्हणजे दुसऱ्या राज्यांत जायचा परवाना असलेल्या, गाडीवर दोन ड्रायव्हर असण्याची अटही निघाली. दुसरा ड्रायव्हर नसला की मालकाचा एक पगार वाचतो, आणि रात्र एकाच माणसाच्या डोळ्यांवर येते. लांबच्या ट्रिपला दुसरा ड्रायव्हर देणार का, हे भावाने सरळ विचारावं.

आता पैशाचं. महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता ही एक पद्धत. दुसरी ट्रिपवर, तिसरी किलोमीटरवर, आणि चौथी उक्ती. उक्तीत ट्रिपच्या खर्चाला एकरकमी पैसे देतात, त्यातून उरेल ते ड्रायव्हरचं. शेवटच्या तिन्हींमध्ये उभ्या गाडीचा दिवस ड्रायव्हरच्या खिशातून जातो. समजा पुण्याच्या ट्रिपचे ३,००० रुपये ठरले. तीन दिवसांत ट्रिप झाली तर रोजचे हजार पडले. इथे लोडिंगला एक दिवस आणि तिकडे माल उतरायला एक दिवस जास्त गेला, तर तेच ३,००० पाच दिवसांत, म्हणजे रोजचे ६००. त्यातून जेवण, अंघोळीचे पैसे, पार्किंग. ड्रायव्हरचं काम तेवढंच, किंबहुना जास्त.

भत्ता असला तरी तो कुठल्या दिवसांचा, हे बारकाईने बघा. काही ठिकाणी गाडी चालते त्या दिवसांचाच मिळतो. परतीच्या भाड्याची वाट बघत भिवंडीत चार दिवस बसलो तर त्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. रिकामी गाडी परत आणणं मालकाला परवडत नाही, हे मला पटतं, डिझेलच तेवढं जातं. म्हणून ऑफिस दलालांना फोन लावत बसतं, नागपूरचं भाडं नाही मिळालं तर इंदूरचं घेतं, तिथून आणखी कुठलं. चार दिवसांत येतो म्हणून निघालेला माणूस वीस दिवसांनी घरी येतो. धंद्याची गरज खरी आहे, पण त्या गरजेची किंमत वाट बघणाऱ्या माणसानेच का भरावी? महिन्यातून किती वेळा गाडी नागपूरला लागते आणि लागली की किती दिवस घरी राहता येतं, हेही आधी बोलून घ्यायला हवं. लग्न झालेलं असेल तर जास्तच.

आणि एक गोष्ट, जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. पार्टीने गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकवली तर ट्रान्सपोर्ट तिच्याकडून हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागू शकतं, आणि करारात तसं लिहिलेलं असेल तर घेतंही. ड्रायव्हरच्या बसण्याचे पैसे वसूल होतात, ड्रायव्हरपर्यंत मात्र पुष्कळदा येत नाहीत. त्यातला वाटा मिळतो का, हे विचारणारा नवीन ड्रायव्हर मी फार कमी पाहिला. भावाने विचारावं. आणि पहिल्या दिवसापासून सवय लावून घ्यावी: गेटची एंट्री पावती आणि दोन्ही वजनांच्या काट्याच्या पावत्या यांचा मोबाईलवर फोटो काढायचा, आणि माल खाली झाला की पोहोच पावतीवर गाडी आली कधी नि सुटली कधी, हे शिक्क्यासह लिहून घ्यायचं. माझ्या टेबलावर ज्याच्याकडे हे कागद असतात त्याच्याशी वाद घालता येत नाही. ज्याच्याकडे नसतात तो पाच दिवस उभा होता म्हणून ओरडत राहतो आणि रजिस्टर दोन दिवस दाखवतं.

रस्त्याचंही तसंच. मुंबईकडे समृद्धीने जायचं की अमरावती-अकोल्याच्या जुन्या रस्त्याने, हे टोल बघून ऑफिस ठरवतं. जुन्या रस्त्याने टोल वाचला तो मालकाचा, वाढलेले तास ड्रायव्हरचे. ट्रिपवर काम असेल तर हा फरक महिन्याअखेर कळतो. ॲव्हरेज कमी पडला म्हणून डिझेलचे पैसे कापतानाही गाडी किती भरली होती हे लक्षात घेतात का, ते बघावं. पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरायला सांगितला तर नाही म्हणायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जास्तीच्या दर टनाला २,००० असा दंड आहे, आणि रस्त्यात पोलिसांसमोर उभा असतो तो ड्रायव्हर.

गाडी कोणाला कधी मिळते, यात मर्जी फार चालते. चांगल्या लाईनी, म्हणजे चांगले मार्ग, सुपरवायझरच्या जवळच्यांना, कोळशाच्या आणि रांगेच्या ट्रिपा नवख्यांना. ज्या ऑफिसात आलेल्या गाडीचा नंबर फळ्यावर किंवा रजिस्टरमध्ये सगळ्यांना दिसेल असा लिहितात, तिथे हे बरंच कमी होतं. भाऊ भेटायला जाईल तेव्हा मालकाच्या केबिनआधी अंगणात उभ्या असलेल्या दोन-तीन ड्रायव्हरांशी चहा घ्यावा आणि मागच्या ट्रिपचा हिशोब किती दिवसांनी झाला, ते विचारावं. पोहोच पावती आली नाही म्हणून महिना महिना हिशोब अडवणारी ऑफिसं आहेत.

नवीन आहे तोवर त्याने महिन्याचा पगार आणि उभ्या दिवसांसकट रोजचा भत्ता हेच घ्यावं. उक्तीत पहिल्या वर्षी पडू नये, आकडा कितीही मोठा सांगितला तरी. आणि भत्त्याचं जे ठरेल ते निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं, कारण सुपरवायझर बदलला की तोंडी बोलणं त्याच्याबरोबर जातं.