सही करण्याआधी

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी नोकरी सोडणाऱ्यांची आणि नोकरी गेलेल्यांची पत्रं घेतली आहेत. नियम देशागणिक आणि करारागणिक बदलतात, तेव्हा स्वतःचं नेमणूकपत्र शेजारी ठेवूनच उत्तरं वाचावीत.

साहेब आणि एचआर या दोघांनी खोलीत बोलावून सांगितलं, “स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे तुमचं रेकॉर्ड खराब होणार नाही. नाहीतर काढावं लागेल.” उद्या सकाळपर्यंत उत्तर हवंय म्हणतात. काय करू?
— नाव न छापण्याची विनंती

‘उद्या सकाळ’ ही मुदत त्यांनी ठरवली आहे. तिथल्या तिथे सही करू नका आणि तावातावाने नकारही देऊ नका. एवढंच म्हणा: “हे मला लेखी द्या. वाचून, सल्ला घेऊन कळवतो.” लेखी द्यायला का-कू झाली, तर काढण्याची त्यांची कागदोपत्री तयारी बहुधा पुरती झालेली नाही. काढायचं म्हटलं की सहसा कारण दाखवावं लागतं, पुष्कळ ठिकाणी चौकशी करावी लागते, नोटिशीचे पैसे मोजावे लागतात. राजीनाम्याला यातलं काहीच लागत नाही. काळजी तुमच्या रेकॉर्डची दाखवतात, पण वाचतात ते त्यांचे पैसे आणि कटकट.

तुमचं नुकसान किती, हे देशावर ठरतं. जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडली तर बेकारभत्ता साधारणपणे 12 आठवडे अडकतो. अमेरिकेत सबळ कारणाशिवाय राजीनामा देणाऱ्याला सहसा तो भत्ता नाकारला जातो. भारतात कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला, किमान वर्षभर सलग नोकरी झाल्यावर, कपातीत काढलं तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. राजीनामा दिला की ती भरपाई गेली. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचं, तसं नाही. पात्रतेची वर्षं भरली असतील तर ती राजीनाम्याने बुडत नाही. या दोन रकमांची गल्लत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत फार दिसते.

आता त्या पत्रातले दोन शब्द बघा: ‘वैयक्तिक कारणास्तव’. तयार मसुद्यात ते हमखास असतात. त्यांखाली सही झाली की “माझ्यावर दबाव होता” हे पुढे सिद्ध करणं फार जड जातं, कारण तुमच्याच सहीचा कागद उलटं बोलतो. राजीनामा द्यायचाच ठरला, तर ते शब्द काढून ‘3 मार्चच्या बैठकीत व्यवस्थापनाने केलेल्या सूचनेनुसार’ असं लिहा. ही ओळ खोडायला सांगितलं, तर ती खोडण्याच्या बदल्यात काय देता, हे विचारायला हरकत नाही. तिथूनच वाटाघाट सुरू होते.

वाटाघाटीत मागायच्या गोष्टी अशा: पूर्ण नोटीस काळाचं वेतन, शिल्लक रजेचे पैसे, विमा कोणत्या तारखेपर्यंत चालेल याची लेखी नोंद, आणि नव्या कंपनीने चौकशी केल्यावर इथून काय सांगितलं जाईल याचा ठरलेला मजकूर. शेवटची गोष्ट लोक विसरतात, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

त्याच संध्याकाळी स्वतःच्या खासगी ईमेलवरून एचआरला पाच-सहा ओळी पाठवा: बैठक किती वाजता झाली, कोण कोण होतं, काय सांगितलं गेलं, तुम्ही काय उत्तर दिलं. आरोप नको, विशेषणं नकोत. ऑफिसचं ईमेल कोणत्याही क्षणी बंद होऊ शकतं, म्हणून एचआरचा पत्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1982 सालच्या 158 क्रमांकाच्या करारात वागणूक किंवा कामगिरी यांवरून काढण्याआधी कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी द्यावी, असं कलम आहे. भारताने आणि अमेरिकेने तो करार स्वीकारलेला नाही. अमेरिकेत तर माँटाना राज्य वगळता ‘कारण न देताही काढता येतं’ हाच मूळ नियम आहे. भेदभाव किंवा सूड यांवरून मात्र काढता येत नाही. तरीसुद्धा बाजू मांडण्याची मागणी लेखी करून ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्याच शिस्तनियमांत ती संधी लिहिलेली असते, आणि आपलाच नियम आपण मोडलाय हे लक्षात आलं की समोरचा आवाज खाली येतो.

पैशांबरोबर ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असा कागद पुढे आला, तर घाई आणखी कमी करा. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याने वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडायचा असेल, तर त्याला विचार करायला किमान 21 दिवस आणि सहीनंतर माघार घ्यायला 7 दिवस द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये अशा करारावर स्वतंत्र कायदेशीर सल्ला घेतलेला नसेल, तर नोकरीसंबंधीचे कायद्याने दिलेले हक्क त्याने सुटत नाहीत. मात्र थांबण्यालाही मर्यादा असते. जर्मनीत काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत न्यायालयात गेलं नाही, तर काढणं वैध धरलं जातं. आपल्याकडची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

एक अपवाद. आरोप गंभीर आणि खरा असेल, म्हणजे पैशांची अफरातफर, खोटी बिलं वगैरे, तर राजीनाम्याची ऑफर तुमच्या फायद्याची असू शकते. अशा वेळी संकोच न ठेवता वकील गाठावा.

राजीनाम्यात कारण लिहावं का? आणि नोटीस नेमकी कधीपासून मोजायची?
— पहिल्यांदाच नोकरी बदलणारी

स्वखुशीने सोडत असाल तर कारण लिहू नका. पत्राला चार गोष्टी पुरतात: पद, राजीनामा देत असल्याचं वाक्य, नोटीस किती, शेवटचा दिवस कोणता. मनातली भडास पत्रात ओतली, तर ती फाइलमध्ये तुमच्यापेक्षा जास्त वर्षं नोकरी करते.

शेवटचा दिवस तारखेने लिहा, कारण ‘60 दिवस’ आणि ‘दोन महिने’ एक नव्हेत. 4 मार्चपासून 60 दिवस मोजले तर शेवटचा दिवस 2 मे येतो, दोन महिने मोजले तर 3 मे. एका दिवसाने काय बिघडतं? नव्या ठिकाणी 3 तारखेला रुजू व्हायचं असेल, तर एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या पटावर नाव येतं आणि पडताळणीत ते बरोबर सापडतं.

आधी वरिष्ठांना तोंडी सांगा आणि त्याच दिवशी, कामाच्या वेळेत ईमेल करा. संध्याकाळी उशिरा आलेलं पत्र पुढच्या कामाच्या दिवशी मिळालं असं धरणारे करार असतात. शुक्रवारी रात्री पाठवलेलं पत्र मग सोमवारचं होतं. जर्मनीत ईमेलचा राजीनामा चालतच नाही, सहीचा कागदच लागतो.

पत्र पाठवण्याआधी बोनसचं कलम शोधा. पुष्कळदा तिथे ‘बोनस देण्याच्या तारखेला नोकरीत असलेला आणि नोटिशीवर नसलेला’ असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर बोनस खात्यात जमा झाल्यावरच पत्र द्यावं. शेअर मिळणार असतील तर त्यांच्याही तारखा बघा. पहिला हप्ता सहसा वर्ष भरल्यावर मिळतो. अकराव्या महिन्यात कंटाळून उठणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

‘फुल अँड फायनल’मध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबात, रजेचे पैसे कमी दिले आणि नोटिशीची वसुली जास्त केली, असं वाटतं. तपासू कसं?
— हिशेबात कच्चा

एकूण आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक ओळीत दोनच गोष्टी बघा: एका दिवसाचं वेतन कोणत्या रकमेवर काढलं, आणि किती दिवसांनी भागलं.

समजा मासिक वेतन 60,000 आहे. 30 ने भागलं तर दिवसाला 2,000, 26 ने भागलं तर साधारण 2,308, आणि 22 ने भागलं तर 2,727. तुमची 12 दिवसांची रजा शिल्लक असेल, तर अनुक्रमे 24,000, 27,692 किंवा 32,727 होतात. आता नोटिशीचे 18 दिवस कमी भरले असं धरू. 30 ने भागलं तर वसुली 36,000, आणि 26 ने भागलं तर 41,538. मेख इथे असते: द्यायच्या रजेला 30 आणि घ्यायच्या वसुलीला 26. वर रजा फक्त मूळ वेतनावर आणि वसुली एकूण वेतनावर.

यात लबाडीच असते असं नाही. कधी कधी दोन ओळी दोन वेगवेगळ्या जुन्या तक्त्यांतून आलेल्या असतात. म्हणून भांडणाच्या सुरात न लिहिता असं विचारा: “ओळ 4 आणि ओळ 7 साठी वापरलेलं वेतन आणि भाजक कृपया कळवावेत, तसंच ते ज्या धोरणात दिलेत त्याची प्रत पाठवावी.” नियमात एखाद्या ओळीचा आधार नसेल, तर सुधारित तक्ता बहुतेक वेळा मुकाट्याने येतो. तोवर ‘सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी ‘रजेच्या रकमेबाबतचा आक्षेप राखून’ असं हाताने लिहा.

लॅपटॉप परत करण्याआधी पूर्ण फॉरमॅट करून दिला तर चालेल ना?
— आयटीतील वाचक

अजिबात नाही. कंपनीची माहिती पुसली असा ठपका येतो आणि साधा राजीनामा शिस्तभंगाच्या प्रकरणात बदलतो. उलट टोकही तेवढंच वाईट: शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवणं. कोणती फाइल कधी बाहेर गेली याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर हल्ली सर्रास असतं, आणि नोटिशीवरच्या माणसावर नजर जास्त असते.

तुमच्या हक्काचे कागद राजीनाम्याच्या आधीच उतरवून घ्या: पगारपत्रकं, करकपातीची पत्रकं, नेमणूक आणि बढतीची पत्रं, विम्याचा पॉलिसी क्रमांक, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट.

यंत्रावरची फक्त स्वतःची खाती काढा. फोनमध्ये अॅपल किंवा गूगलचं वैयक्तिक खाते तसंच राहिलं, तर पुढच्या माणसाला तो उघडतच नाही. आयटी विभाग ‘परत मिळाला’ अशी नोंद करत नाही आणि तेवढ्यासाठी रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) अडून बसतं. कंपनीच्या एखाद्या खात्याचा ओटीपी तुमच्या खासगी नंबरवर येत असेल, तर तो नंबर बदलून घ्या. सामान देताना चार्जरसकट प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या.

काढून टाकलंय हे मुलाखतीत सांगावं का?
— तीन महिने शोधात

विचारलं तर सांगा, दोन वाक्यांत. “त्या विभागातली पदं कमी केली, त्यात माझं पद गेलं. त्याआधी मी अमुक काम पूर्ण केलं होतं.” कामगिरीवरून काढलं असेल तर: “विक्रीचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, नव्याने ग्राहक शोधण्यात मी कमी पडलो, सध्याच्या ग्राहकांना टिकवणं मला चांगलं जमतं, म्हणून आता त्याच पदांसाठी अर्ज करतोय.” मग थांबा. शांतता भरून काढायला तिसरं वाक्य बोललात की त्यात जुन्या साहेबांचं नाव येतं.

अर्जात ‘नोकरी सोडण्याचं कारण’ हा रकाना असला, तर तिथेही तेच लिहा. रुजू होण्याची व सोडण्याची तारीख आणि पद या गोष्टी पडताळणीत सहज समोर येतात. काढल्याचं कळून नोकरी नाकारली गेली तर एक संधी जाते; खोटं लिहिल्याचं रुजू झाल्यावर कळलं तर मिळालेली नोकरीही जाते.

राजीनामा देताच ईमेल बंद केलं, “घरीच बसा” म्हणाले. नव्या ठिकाणी लगेच रुजू होऊ का?
— घरी बसलेला

त्यांच्या पत्रातलं वाक्य बघा. ‘नोटीस काळात कामावर येण्याची गरज नाही’ असं असेल, तर तुम्ही अजून नोकरीतच आहात: पगार चालू, सहसा विमाही चालू, आणि दुसरीकडे रुजू झालात तर करारभंग. ‘नोटिशीऐवजी वेतन देऊन आजपासून कार्यमुक्त’ असं असेल, तर नोकरी आजच संपली. नव्या ठिकाणी जायला मोकळे, पण विमा आणि शेअरच्या तारखा आजच्याच धरल्या जातात. प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचं कलम करारात आहे का, तेवढं मात्र आधी बघून घ्या. पत्रच दिलं नसेल, तर आजच ईमेल करून एकच गोष्ट विचारा: माझा शेवटचा दिवस कोणता?